पुल रिक्वेस्ट पाठवा, म्हणे!

हल्ली कुठल्याही ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं मदतपान उघडा. तळाशी किंवा वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं एक छोटं चित्र असतं. अर्थ असा, की ‘हे पान सुधारा’. दिसायला फार उदार प्रकार आहे. आता हातातल्या फोनवरून ती पेन्सिल दाबून बघा. आधी गिटहबचं खातं मागितलं जाईल. खातं काढलंत, तर ईमेलची पडताळणी आणि पुढेमागे दुहेरी पडताळणीही. मग कळेल की या प्रकल्पात थेट लिहायची तुम्हाला परवानगी नाही, तेव्हा अख्ख्या प्रकल्पाची स्वतःच्या नावावर एक प्रत काढा. तिला फोर्क म्हणायचं. मग तारका, हॅश आणि चौकटी कंसांनी भरलेला कच्चा मजकूर समोर येईल. त्यात तुमचा शब्द शोधा, बदला, ‘कमिट मेसेज’ लिहा, शाखेला नाव द्या, ‘पुल रिक्वेस्ट’ उघडा. मग एक यंत्र येऊन सांगेल की तुमच्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त राहिली आहे, सबब तपासणी नापास. त्यानंतर एखादा माणूस येईल. कधी येईल ते त्याला नोकरीतून किती सवड मिळते त्यावर. हे सगळं कशासाठी? ‘वर्गनी’चं ‘वर्गणी’ करण्यासाठी. आणि हे सगळं इंग्रजीत.

याला आमच्या धंद्यात ‘खुलं डॉक्युमेंटेशन’ म्हणतात. दार उघडंच आहे हो, फक्त उंबरठा छातीएवढा आहे.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गिटवाचून माझा एक दिवस जात नाही आणि गिटबद्दल माझी काही तक्रारही नाही. एरंडोलला घरी बसून नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात आम्ही नऊ जण मिळून गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांसाठी एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतो. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, अनामत, वर्षअखेरीचा अहवाल, एवढंच त्याचं काम. नाव सांगत नाही, जाहिरात होईल. गेले दोन महिने आमच्यात एकाच गोष्टीवरून जुंपली आहे: या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका कशात लिहायची? सहा जण म्हणतात गिटमध्ये, मार्कडाउनच्या फायलींत, म्हणजे कोडसारखीच. दोघं म्हणतात नोशन बरं, छान दिसतं. विकी म्हणणारा मी एकटा. गटात टंकून टंकून बोटं दुखली, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी आमचा वापरकर्ता कोण ते सांगायला हवं, कारण या वादात त्याचंच नाव कोणी घेत नाही. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक वाचनालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळतं. ‘ड’ वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, दोन-तीन कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि एक ग्रंथपाल, जिचं मानधन ऐकलं तर तुम्ही दुसऱ्यांदा विचारणार नाही. संगणक असला तर जुना, कोपऱ्यात. बाकी सगळा कारभार फोनवर. आमचं सॉफ्टवेअरही बरेच जण फोनच्या ब्राउझरमध्येच वापरतात.

अशाच एका वाचनालयातल्या ग्रंथपाल ताई मला अधूनमधून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात. सुरुवात ठरलेली: “भाऊ, हाई कसं करानं?” पण पुढे जे येतं तो नुसता प्रश्न नसतो. आमच्या मार्गदर्शिकेत गहाळ पुस्तकांच्या नोंदीबद्दल जे लिहिलंय, ते प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी का चालत नाही, तपासायला आलेला माणूस कुठला रकाना आधी बघतो, देणगी आलेल्या पुस्तकाची किंमत लिहिलेली नसेल तर काय लिहायचं, हे त्या सांगतात. आमच्या नऊ जणांपैकी एकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ते ऐकतो, लिहून काढतो, गिटमध्ये घालतो. एका महिन्यात असं चार वेळा झालं. म्हणजे आमच्या प्रकल्पात ‘संपादन’ नावाचं बटण आहे, आणि ते मी आहे. मला ताप आला की ते बटण बंद. मी कामातून वेळ काढला नाही की ताईंचं ज्ञान माझ्या फोनच्या मेमरीत पडून राहतं.

आमच्या गटातला पुण्याचा मित्र यावर म्हणतो, “मग त्यांना गिट शिकव ना, दोन तासांचं काम आहे.” शिकवेन की. पण का म्हणून? वाचनालयाची नोंदवही चाळीस वर्षं कोणालाही ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ सोडवायला न लावता चालली आहे. ज्याला विषय कळतो त्यानेच आमचं हत्यार शिकावं, आणि ज्याला हत्यार येतं त्याने विषय नाही शिकला तरी चालतं, हा कुठला न्याय?

विकी ही कल्पना नेमकी या अन्यायावरचा उतारा म्हणून आली होती. वॉर्ड कनिंगहॅम हा अमेरिकन प्रोग्रामर. २५ मार्च १९९५ला त्याने पहिली विकी वेबवर ठेवली. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस होती, हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट, तिच्यावरून नाव घेतलं. कल्पना अगदी साधी: जो वाचतोय त्याला त्याच क्षणी, त्याच पानावर, चूक दुरुस्त करता आली पाहिजे. जुनी प्रत कुठे जात नाही, त्यामुळे कोणी बिघडवलं तर मागे घ्या. विश्वास आधी, तपासणी नंतर.

हा क्रम उलटा केला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच पिढीच्या डोळ्यांदेखत, म्हणजे आपण पाळण्यात असताना, घडून गेलं. मार्च २०००मध्ये न्यूपीडिया नावाचा मुक्त ज्ञानकोश सुरू झाला. लेखक तज्ज्ञ, आणि प्रत्येक लेखाला सात पायऱ्यांची तपासणी. २००३मध्ये तो बंद पडला तेव्हा पुरे झालेले लेख जेमतेम दोन डझन होते. त्याच मंडळींनी जानेवारी २००१मध्ये बाजूला, जरा चाचपून बघू म्हणून, एक विकी उघडली होती. तिचं नाव विकिपीडिया. पहिल्याच वर्षात तिथे सुमारे वीस हजार लेख झाले. आमच्या गटातले सहा जण विकिपीडियाचे भक्त आहेत आणि मार्गदर्शिकेसाठी मात्र न्यूपीडिया मागताहेत. फोर्क, शाखा, कमिट, पुल रिक्वेस्ट, यंत्राची तपासणी, माणसाची तपासणी, मर्ज. मोजा. सातच भरतात.

आता मराठीचा मुद्दा. तो मी मुद्दाम जरा लांबवणार आहे, कारण इंग्रजीत विचार करून निवडलेलं सॉफ्टवेअर मराठीत आलं की कसं वागतं, हे बघायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

सुरुवातीच्या विकींत एका पानावरून दुसऱ्या पानाला जोडायचं तर दोन शब्द चिकटवून प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल, लिहायचं. झाली लिंक तयार. देवनागरीत मोठं अक्षर आणि छोटं अक्षर असा प्रकारच नाही. तीच रीत राहिली असती तर मराठीत विकी तयारच होऊ शकली नसती. मग दुहेरी चौकटी कंस आले, त्यात काहीही लिहा, लिंक होईल. १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो या कंसांच्या जिवावर. पुढे मराठी टाइप कसं करायचं हा प्रश्न आला तर विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमध्येच, म्हणजे मीडियाविकीमध्ये, आधी ‘नारायम’ नावाची सोय आली आणि मग भाषा निवडायची मोठी यंत्रणा आली. संगणकावर मराठी कळफलक नसला तरी पानावरच मराठी उमटतं. मीडियाविकीची बटणं, सूचना, चुकांचे संदेश मराठीत आहेत, कारण ट्रान्सलेटविकी नावाच्या संकेतस्थळावर लोकांनी बसून ते एकेक करून मराठीत आणले. वीस वर्षांची ही मेहनत फुकट मिळते आहे.

याच्या समोर गिटवाल्यांचं आवडतं हत्यार ठेवू. ‘एमकेडॉक्स’ घ्या. मार्कडाउन फायली द्या, देखणं संकेतस्थळ तयार. आता मराठी मथळा द्या: ‘दाखल नोंदवही’. त्या मथळ्याची थेट लिंक कुणाला पाठवायची तर पत्त्याच्या शेवटी मथळ्याचं नाव यायला हवं. येतं काय? अधोरेखा आणि एक. पुढच्या मथळ्याला अधोरेखा आणि दोन. कारण मूळ व्यवस्थेत रोमन सोडून बाकीची सगळी अक्षरं गाळून टाकतात, आणि मराठी मथळ्यात रोमन काही नसल्यामुळे उरतं शून्य. मध्येच एखादा मथळा वाढवलात की आकडे सरकतात आणि आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात.

“अरे, सेटिंग आहे, युनिकोड चालू कर,” असं उत्तर मिळतं. केलं चालू. आता ‘दाखल नोंदवही’चं होतं ‘दखल-नदवह’! काना गेला, मात्रा गेली, अनुस्वार गेला, वेलांटी गेली. कारण पायथनची शोधयंत्रणा ‘शब्दातलं अक्षर’ ओळखताना काना-मात्रांना अक्षर मानत नाही. ही गोष्ट २००७मध्येच पायथनच्या तक्रारवहीत नोंदवली गेली होती. शोधाचंही तेच. अशा स्थळांवर बऱ्याचदा ‘लूनर’ नावाची छोटी लायब्ररी शोध चालवते. तिचा मूळ इंग्रजी साचा शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘अक्षर नसलेली’ चिन्हं कातरतो, आणि त्याच्या लेखी अख्खी देवनागरी म्हणजे अक्षर नसलेली चिन्हं. ‘अनामत’ शोधा, हाती काही लागत नाही. हिंदीसाठी वेगळी पुरवणी मिळते, ठिगळं लावता येतात, हे सगळं मला माहीत आहे. पण ठिगळ लावणारा प्रत्येक वेळी मीच का?

मीडियाविकी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. २०१७पर्यंत तीही मराठी मथळ्याच्या लिंकमध्ये ठिपके, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब खिचडी ओतायची. पण तिथे ते दुरुस्त झालं, कारण बिगर-रोमन लिपीत लिहिणारे लाखो लोक रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होते. जिथे आपल्यासारखे लोक आधीच राहतात ती वस्ती निवडावी, इतकं साधं गणित आहे.

“पण ओपन सोर्सचं डॉक्युमेंटेशन मराठीत विकीवर कोणी केलंय का?” हाही प्रश्न गटात आला. केलंय, आणि आपल्याच राज्यात. पवईला आयआयटी मुंबईत ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प चालतो. सायलॅब, लिबरऑफिस, लिनक्स, पायथन अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार करायचे आणि ते भारतीय भाषांत बोलायचे. त्या पाठांच्या संहिता मीडियाविकीवर ठेवलेल्या आहेत, मराठीसकट. पान उघडलं तर दोन रकान्यांचा तक्ता: डावीकडे वेळ, उजवीकडे निवेदन. बस. ज्यांनी ती भाषांतरं केली त्यांनी आधी प्रोग्रामर व्हावं अशी अट कोणी घातली नाही. आणि संहिता नवशिक्या माणसाकडून तपासून घ्यायची पायरी त्या कामात आहे. आमच्याकडे? आमच्याकडे तपासणारा नेहमी तोच, ज्याला सगळं आधीच येतं.

आता विरोधकांचे मुद्दे. सगळे टाकाऊ नाहीत.

पहिला कायमचा मुद्दा: कोणीही लिहिणार तर कचरा होणार, जाहिराती घुसणार. अगदी सताड उघडी ठेवली तर घुसतील. पण उघडी आणि बंद यांच्यामध्ये बरीच जागा आहे. खातं काढल्याशिवाय लिहिता येणार नाही, नवीन खात्याचा पहिला बदल कोणीतरी बघेल, एवढं केलं तरी आमच्यासारख्या चिमुकल्या प्रकल्पाला पुष्कळ झालं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं उदाहरण घ्या, ईआरपीनेक्स्टवाली. त्यांनी स्वतःचंच विकी सॉफ्टवेअर लिहिलं, तेही ओपन सोर्स. त्यात वाचणारा पानावरच बदल सुचवू शकतो आणि मंजुरीनंतर तो दिसतो. तपासणी आहे, पण ती दाराच्या आत आहे. बाहेर रांगेत उभं करून नाही.

दुसरा मुद्दा दर्जाचा. “तज्ज्ञांनीच लिहायला हवं.” आमच्या खानदेशाला तज्ज्ञांचं वावडं नाही. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. विश्वकोशाला विद्वानांची चाळणी हवीच, पहिला खंड १९७६ला आला नि विसावा २०१५ला, तेवढा वेळही द्यायलाच हवा होता. पण मित्रांनो, आपण विश्वकोश लिहीत नाही आहोत. बारकोडचा प्रिंटर कागद का अडकवतो ते लिहितोय. त्यातली तज्ज्ञ ती, जिच्याकडे तो प्रिंटर आहे.

तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे: मार्गदर्शिका कोडसोबत असली की आवृत्ती बदलली की तीही बदलते, विकी मागे राहते. खरं आहे. म्हणून प्रोग्रामरांसाठीचा भाग, म्हणजे एपीआय, इन्स्टॉल करण्याच्या आज्ञा, डेटाबेसची रचना, हा खुशाल गिटमध्ये राहू द्या. तो वाचणारा माणूस गिट जाणतोच. भांडण बाकीच्या नव्वद पानांचं आहे. आणि खरं बोलायचं तर गिटमधली पानंही मागे राहतातच, फक्त मागे राहिलेली कळत नाहीत, कारण ज्याला ती चुकीची दिसतात त्याच्याकडे सांगायची वाट नसते.

माझ्या मते विकीचा खरा प्रतिस्पर्धी गिट नाहीच, व्हॉट्सॲप आहे. दार अवघड केलं म्हणून लोक शिकवायचे थांबत नाहीत, ते दुसरीकडे जाऊन शिकवतात. आमच्या वापरकर्त्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. तिथे मार्चअखेरीला जे ज्ञान वाहतं ते बघून थक्क व्हायला होतं. वर्ष बंद करताना काय करायचं, हे एका ग्रंथपालांनी सहा स्क्रीनशॉट आणि तीन आवाजांत इतकं नेमकं सांगितलं की आमच्या अख्ख्या मार्गदर्शिकेने मान खाली घालावी. त्यावर बत्तीस अंगठे आले. मग सुविचार, मग वाढदिवस, मग कुणाच्या तरी मुलाचा निकाल. पुढच्या मार्चला तोच प्रश्न, आणि उत्तर देणाऱ्या बाईंनी दरम्यान फोन बदललेला. शोधून सापडत नाही, दुरुस्त करता येत नाही, लिंक देता येत नाही, गटाबाहेरच्याला दिसत नाही. टेलिग्राम नि डिस्कॉर्डवर डॉक्युमेंटेशन चालवणाऱ्या मोठ्या प्रकल्पांचीही तीच गत. आपण गिटचा उंबरठा उंच करतो तेव्हा दर्जा वाढत नाही, हे सगळं वाहून जातं.

राहिले नोशनवाले दोघं. नोशन फोनवर छान चालतं, मान्य. पण मजकूर त्यांच्या साच्यात, त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या मर्जीने. या क्षेत्रात मर्जी कशी फिरते ते आठवा. विकीस्पेसेसवर जगभरच्या शिक्षकांनी आपले वर्ग उभे केले होते, २०१८मध्ये दुकान बंद. ॲटलासियनने कॉन्फ्लुअन्सच्या सर्व्हर आवृत्तीचे नवे परवाने फेब्रुवारी २०२१मध्ये विकायचे थांबवले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये आधारही काढला. ज्यांनी स्वतःच्या यंत्रावर मजकूर ठेवला म्हणून निश्चिंत होते, त्यांनाही बोचकं बांधावं लागलं.

मराठीला हा अनुभव नवा नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या, लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे धामधुमीत ती मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. कोणाला काय आठवलं याचे वेगवेगळे पाठ राहिले आणि ते जपलेही गेले. विकीचं ‘इतिहास पहा’ हे पान मला नेहमी त्या पाठांची आठवण देतं. पण पुढे महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत घातले आणि मराठीतलं इतकं मोठं गद्य बाहेरच्यांना कित्येक शतकं वाचताच आलं नाही. त्या लिपीची उकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली, इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या माणसाने डोकं घातलं तेव्हा. राजवाडे १९२६ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, जिथे आजही जुनी बाडं सांभाळली जातात. महानुभावांकडे लिपी लपवायला कारण होतं, त्यांना पंथ वाचवायचा होता. आपल्या प्रिंटरच्या पानाला परक्या साच्यात कोंडायला काय कारण आहे? ते छान दिसतं, हे?

मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की आपोआप अमरपट्टा मिळतो असंही नाही, हे विकीच्या बाजूने बोलतानाही लपवणार नाही. मॉइनमॉइन ही पायथनमध्ये लिहिलेली विकी. डेबियन, उबुंटू, ग्नोम, खुद्द पायथन, सगळ्यांनी वापरली. ती पायथन दोनवर अडकली, पायथन दोनचा आधार १ जानेवारी २०२०ला संपला आणि नवी आवृत्ती वर्षानुवर्षं ‘येतेय, येतेय’ म्हणत राहिली. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना बाहेर पडायची वाट आधी बघावी.

म्हणूनच डोकुविकीवर माझा जीव आहे. २००४मध्ये आंद्रेआस गोरने लिहिली. डेटाबेस नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की झाला बॅकअप. सर्व्हर उद्या बुडाला तरी फायली नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतील. वीजबिल भरायचं विसरलेल्या संस्थेलाही परवडेल असं सॉफ्टवेअर. पण मराठीत तिची एक गंमत आहे. पानाचं नाव फाइलला देताना ती मुळात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं करते, आणि फाइलच्या नावाला २५५ची मर्यादा असते. म्हणजे काना-मात्रा धरून सत्तावीस-अठ्ठावीस चिन्हांत पान संपलं. ‘वर्गणी थकलेल्या सभासदांची यादी कशी काढावी’ एवढं साधं नाव मावत नाही. सेटिंग बदलून युनिकोड नावं ठेवता येतात, तेवढं मी करेन. खरी अडचण दुसरी: तिथे लिहायचं तर तिची चिन्हं शिकावी लागतात. यादीसाठी आधी दोन रिकाम्या जागा, मग तारका. फोनवर दोन रिकाम्या जागा मोजत बसायचं हे मी ताईंना सांगू शकत नाही.

मीडियाविकीमध्ये दृश्य संपादक आहे, वर्डसारखा. दिसतंय त्यावर बोट ठेवा आणि लिहा. २०२०च्या १.३५ आवृत्तीपासून तो सोबतच येतो. आधी त्याच्यासाठी वेगळी सेवा चालवावी लागायची, ती कटकट गेली. “पीएचपी नि डेटाबेस रात्री दोनला कोण सांभाळणार?” ही आमच्या गटाची धास्ती मला रास्त वाटते. त्यावर उत्तर असं की दीर्घकालीन आधाराची आवृत्ती निवडली तर तिला तीन वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, फुकाचे विस्तार लावायचे नाहीत, आणि रात्री दोनला वाचनालयं बंद असतात.

माझं मत म्हणून मीडियाविकीला. मतदान पुढच्या रविवारी आहे. ठराव असा मांडतोय: गिटमधली प्रोग्रामरांची पानं आहेत तिथेच राहतील, बाकीची मार्गदर्शिका तीन महिने विकीवर जाईल. एरंडोल, धरणगाव, पारोळा आणि अमळनेर तालुक्यांतल्या जे कोणी हो म्हणतील त्या ग्रंथपालांना खाती दिली जातील, प्रत्येकाशी अर्धा तास फोनवर बोलायचं काम माझं. तीन महिन्यांनी मोजायचं ते एवढंच, की आमच्या नऊ जणांव्यतिरिक्त किती जणांनी किती पानं बदलली. आकडा शून्य आला तर मी स्वतः सगळं मार्कडाउनमध्ये परत नेऊन देईन, काना-मात्रांसकट. सर्व्हरचं पहिल्या वर्षाचं भाडं मी भरतो. रविवारच्या बॅकअपला अजून कोणी नाव दिलेलं नाही.